भाद्रपदात जळलेली हिरवळ

टिपा मागणाऱ्या माणसांचा मला राग येतो. सकाळी पांढरे बूट घालून फिरायला निघालेली ही माणसे आमच्या फाटकाशी थांबतात, आत डोकावतात आणि विचारतात, "हिरवळ बारा महिने अशी कशी राहते हो? काही बेसिक टिप्स द्या की." मी सांगतो, पाणी सकाळी घाला. ते हसतात. त्यांना वाटते, म्हातारा काहीतरी लपवतो आहे. लपवण्यासारखे त्यात काही नाही. ऐकायला सोपी आणि रोज करायला कंटाळवाणी अशी ती गोष्ट आहे. ऐकणारे पुष्कळ भेटतात. करणारे भेटत नाहीत.

यंदाचे गौरी-गणपती झाले. चामराजपुरममधल्या आमच्या रस्त्यावर घरोघरच्या बादल्या बाहेर आल्या आहेत. कुणाची नारळाखाली, कुणाची पायरीच्या कडेला. त्यांत मूर्तीची माती हळूहळू विरघळते आहे. पाऊस धड पडत नाही आणि धड थांबत नाही. म्हैसूरची भाद्रपदातली हवा ही अशीच असते, निर्णय न घेणारी. झाडाखालची बादली पाहिली की मला एकच भाद्रपद आठवतो. तो आठवावा असे मला वाटत नाही. पण ऋतू माणसाला विचारून येत नाहीत.

मी हेब्बाळच्या एका कारखान्यात तपासनीस होतो. आलेला माल मापात बसतो की नाही हे पाहायचे आणि बसत नसेल तर परत पाठवायचा, हे माझे काम. लोक रागावत. त्यांनी रागावणे हाही कामाचा भाग होता. निवृत्त झाल्यावर नाकारण्यासारखे काही हाती उरले नाही म्हणून मी घरापुढे हिरवळ लावली, असे माझी पत्नी लोकांना सांगते. ते सर्वस्वी खोटे नाही. हिरवळ राखणे म्हणजे बहुतांशी नाकारणेच आहे. लव्हाळा नाकारायचा, सावली नाकारायची, सायकली नाकारायच्या, वाळवणे नाकारायची. आमच्या रस्त्यावर ज्याच्या घरापुढे मोकळी जागा आहे त्याचे पापड अंगणात वाळतात. आमचे गच्चीवर वाळतात. याबद्दल पत्नीने मला अजून क्षमा केलेली नाही.

आमचे घराणे कित्येक पिढ्या इथलेच. घरात मराठी बोलतो. पण ती पुण्याच्या माणसाला मराठी वाटत नाही आणि इथल्या माणसाला कानडी वाटत नाही. लिहिताना मी तिला शिस्तीत आणतो. बोलताना तिला शिस्त लावणे घरात कोणालाही साधलेले नाही, पत्नीला तर मुळीच नाही.

आमची हिरवळ हरळीची आहे. हरळी म्हणजे दूर्वा. इथले लोक तिला गरिके म्हणतात. शेतकरी जिला शिव्या घालतो, गणपती जिला मस्तकी धारण करतो आणि मी जिला यंत्राने कापतो, ती एकच वनस्पती. हल्ली गालिच्यासारखी गुंडाळी करून जे गवत विकतात ते मला चालत नाही. पहिल्या वर्षी ते शोभा देते आणि दुसऱ्या वर्षापासून तक्रारी करते. हरळी तक्रार करत नाही. तिला पाहुणचार लागत नाही, शिस्त लागते.

ती शिस्त अशी. कापताना एका वेळी उंचीच्या तिसऱ्या भागाहून अधिक घेऊ नये. आळशी माणूस गवत गुडघ्याकडे येऊ देतो, मग एका रविवारी त्याचे मुंडण करतो, आणि पुढे ते पिवळे पडले की खतवाल्याशी भांडतो. पात्याला धार हवी. बोथट पाते गवत कापत नाही, फाडते. मग टोके पांढरी पडतात आणि सगळी हिरवळ धूळ बसल्यासारखी दिसते. उन्हाळ्यात गवत थोडे उंच ठेवावे, म्हणजे मुळांवर सावली राहते. पाणी रोज शिंपडू नये. मध्ये दिवस जाऊ द्यावेत आणि घालताना जमीन खोलवर भिजेल इतके घालावे, म्हणजे मुळे पाण्यासाठी खाली उतरतात. संध्याकाळी हातात पाइप धरून शेजाऱ्याशी गप्पा मारणारे लोक मुळांना वर बोलावतात आणि बुरशीला घर देतात. मार्गशीर्षात दव पडू लागले की लांब बांबू फिरवून ते सकाळीच झाडून टाकावे. मी ते करतो तेव्हा रस्त्यावरचे लोक थांबून पाहतात. पाहू देत.

समोरच्या घरात आता प्लास्टिकची हिरवळ आहे. तिला झाडूने झाडतात आणि सणासुदीला साबणाच्या पाण्याने धुतात. उन्हाळ्यात तिच्यावर कुत्रेदेखील बसत नाही. मालक मला म्हणाले, "मेंटेनन्स झिरो, रायरे." मी म्हणालो, "भिंतीलाही तो नसतो." तेव्हापासून ते नमस्कार करत नाहीत. माझी सकाळ त्यामुळे मोकळी झाली.

तो भाद्रपद ज्या वर्षीचा, त्या वर्षी ज्येष्ठात आमच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू आले. निखिल आणि सायली. दोघेही पुण्याचे, दोघेही हेब्बाळकडच्या एका संगणक कंपनीत. कंपनीची बस आमच्या कोपऱ्यावर थांबते, म्हणून असल्या तरुण मंडळींची घरासाठी सतत विचारणा असते. ती दोघे घर पाहायला आली तेव्हा सायलीने नळ सोडून पाहिले नाहीत, स्वयंपाकाचा ओटा पाहिला नाही. ती सरळ पुढच्या खोलीच्या खिडकीशी गेली.

"निखिल, इकडे ये. हे बघ. पूर्ण हिरवं."

"पाणी किती वेळ येतं, काका?" निखिलने मला विचारले.

"पाण्याचं नंतर," ती म्हणाली. "घर हेच."

"हिरवळीवर चालायचे नाही," मी सांगितले.

"चालायचं नाही, तर मग ती कशासाठी आहे?"

"पाहण्यासाठी."

"मग पाहू," ती म्हणाली, आणि खिडकीतच उभी राहिली.

मी भाडेकरूंना अहोजाहो करतो, ते वयाने कितीही लहान असले तरी. त्याने अंतर राहते. पत्नीला अंतर ठेवता येत नाही. आठवडाभरात तिला सायलीचे सगळे कळले होते. तिच्या वडिलांची बदलीची नोकरी होती. बालपणी तिने एका घरात ओळीने दोन दिवाळ्या क्वचितच पाहिल्या. लग्नानंतर पुण्यात ज्या सदनिकेत राहिली, तिथे खिडकी उघडली की समोरच्यांच्या न्हाणीघराचे पाइप दिसत. "काकू, या घरातून मी हलणार नाही," असे ती पत्नीला म्हणाली होती. "काकांना आत्ताच सांगून ठेवा." पत्नीने मला सांगितले. मी म्हणालो, भाडेकरार असे म्हणत नाही.

मग गणपती आले. मूर्ती त्यांनी पुण्याहून रात्रीच्या बसमध्ये आळीपाळीने मांडीवर घेऊन आणली. मूर्ती प्लास्टरची होती. इथे मातीची मिळते, तीही सुबक, हे मी त्यांना सांगितले.

"सासरे देतात ती मूर्ती बसवायची, असं आहे आमच्यात," सायली म्हणाली. "मातीची दिली असती तर मातीची आणली असती."

दीड दिवस वर आरत्या झाल्या. पत्नी वर जाऊन मोदक खाऊन आली आणि त्यांना आमच्याकडची कडबू देऊन आली. इथवर सारे ठीक होते.

प्लास्टर पाण्यात विरघळत नाही. पुण्याकडे हल्ली त्यावर एक तोड निघाली आहे, ती मला तेव्हा कळली. बेकरीवाले बिस्किटे फुगवायला अमोनियाची जी पूड वापरतात, ती बादलीत घालायची आणि मूर्ती तिच्यात ठेवून काही दिवस ढवळत राहायचे. मूर्ती विरते. खाली पांढरा चोथा बसतो, वर पाणी राहते, आणि ते पाणी म्हणजे खत. सायलीने ती पूड देवराज मोहल्ल्यातल्या एका घाऊक दुकानातून आणली. दुकानदाराने विचारले, बेकरी कुठे आहे. ती म्हणाली, घरीच. हा विनोद तिने आम्हाला मोठ्या आनंदाने सांगितला. बादली मागच्या जिन्यावर होती. सगळ्या घराला उग्र वास सुटला.

"मांजरानं कुठं घाण केलीये की काय, स्वल्प बघा हो," पत्नी म्हणत होती. मी माळा तपासला, कोळशाची जुनी खोली तपासली. मांजर नव्हते.

एका दुपारी मी झोपलो असताना त्या दोघांनी ती बादली दोन बाजूंनी धरून खाली आणली. बाप्पांचे पाणी गटारात ओतायचे नाही. शेवग्याच्या बुंध्याशी चपला ठेवतात, तेव्हा तिथेही नाही. मागच्या बाजूला भांडी घासतात. पायदळी येणार नाही अशी जागा हवी होती. आणि ज्यावर चालायचे नाही असे मीच बजावले होते, अशी जागा त्या घरात एकच होती. त्यांनी अतिशय श्रद्धेने, चोथ्यासकट, भर उन्हात, पाण्याचा एक थेंबही न मिसळता, ती सगळी बादली माझ्या हिरवळीच्या मध्यावर रिकामी केली. वर नमस्कार केला.

खत हे औषधासारखे असते, असे लोक लिहितात. मी म्हणेन, ते मिठासारखे असते. चिमूटभर असले तर अन्न, मूठभर असले तर शिक्षा. पाऊस पडून जमीन ओली असताना, थोडे, सर्वत्र सारखे पसरून आणि लगेच वरून पाणी देऊन जे खत गवताला काळपट हिरवा रंग आणते, तेच खत एका जागी ओतले तर मुळांतले पाणी शोषून घेते. दुसऱ्या दिवशी गवत निळसर दिसले. मग पिवळे. मग ते वाळून कोळ झाले आणि मधोमध चटईएवढा पांढरा, कडक, पापुद्रा धरलेला डाग उरला. सकाळच्या त्या मळकट उजेडात तो लांबून चुन्याने आखल्यासारखा दिसत होता.

मी दोघांना खाली बोलावले.

"हे काय आहे?"

"बाप्पांचं पाणी," निखिल म्हणाला.

"खत आहे ते, काका," सायली म्हणाली. "अमोनियम सल्फेट. तुम्हीपण घालता ना?"

"मी मुठीने घालतो. तुम्ही बादलीने घातलेत."

"पाणी मिसळायचं राहिलं," निखिल म्हणाला.

"मी म्हणाले होते तुला."

"कधी म्हणालीस?"

"मनात म्हणाले होते."

पत्नी हसली. मी हसलो नाही. मी म्हणालो, "दिवाळीपर्यंत हा डाग भरला तर राहा. नाही भरला तर घर रिकामे करा."

चामराजनगरकडे जाणारी सकाळची आगगाडी घरामागून गेली. ती जाईपर्यंत आम्ही सगळे तसेच उभे होतो.

"अय्यो, गवतासाठी कोण माणसं घालवतं काय हो?" पत्नी म्हणाली. "पाप ती पोर." पाप म्हणजे आमच्या घरच्या भाषेत बिचारी.

"गवत माझे आहे," मी म्हणालो. "माणसे पुण्याची आहेत."

सायलीचा चेहरा लाल झाला होता. पण ती रडण्यातली नव्हती. "भरायचा कोणी?" तिने विचारले.

"ज्याने जाळला त्याने."

"मग काय करायचं ते सांगा. एकदाच सांगा. मला दोनदा ऐकायची सवय नाही."

"मलाही दोनदा सांगायची नाही."

अशा रीतीने मी आयुष्यात प्रथमच कोणाला हिरवळीच्या टिपा दिल्या.

जळलेली जागा बरी करण्याचे काम सुंदर नसते. आधी तो पांढरा पापुद्रा खुरप्याने खरवडून, टोपलीत भरून बाहेर न्यायचा. मग त्या जागेवर पाणी सोडायचे, ते मुरू द्यायचे, पुन्हा सोडायचे, जमिनीत उरलेले खत खाली धुऊन जाईपर्यंत. पाणी उतरावे म्हणून लोखंडी कांबीने जवळजवळ भोके पाडायची. मग थांबायचे. हे थांबणे कोणाला जमत नाही. जमीन निवण्याआधी लोक नवे गवत लावतात, ते मरते, आणि लोक म्हणतात, ही जागाच वाईट. मग हिरवळीच्या कडेची, जिथे ती दाट असते तिथली धावती खोडे घ्यायची, प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन पेरी राहतील अशी तोडायची आणि ओळीने आडवी पुरायची. वर लाल माती, वाळू आणि जुने शेणखत चाळून पातळ थर द्यायचा. हलक्या हाताने दाबायचे. रोपटी धरेपर्यंत मात्र पाणी थोडे आणि वारंवार. माझ्या नियमाला एवढा एकच अपवाद आहे.

निखिलने दोन रविवार काम केले. पुढे कंपनीने त्याला हैदराबादला पाठवले. उरलेले तिने केले, सकाळी बस येण्यापूर्वी आणि सुटीच्या दिवशी. मी ओसरीत खुर्ची टाकून बसत असे. देखरेख हा शब्द मी वापरीन. तिने दुसरा शब्द वापरला होता, तो इथे लिहिण्यासारखा नाही. कोपऱ्यावर बस भोंगा वाजवी, ती मातीने भरलेले हात नळाखाली धरून तशीच पळे, आणि नखांतल्या मातीसकट हेब्बाळला जाई.

ओली जमीन मोकळी सापडली की लव्हाळा येतोच. तो तिथेही आला. ती उपटू लागली.

"उपटू नका," मी ओसरीतून म्हणालो. "वरचे हातात येते. खणा. खाली गाठ असते."

"तुमच्यासारखी," ती म्हणाली.

मी ऐकले. लव्हाळ्याची गाठ पुष्कळ खोल असते आणि खोल गेल्यावर तिच्यापासून पुढे आणखी एक निघते. तिला खणायला बराच वेळ लागला. एक गाठ तिने माझ्या खुर्चीच्या दांडीवर आणून ठेवली. "बघा. सबंध निघाली," ती म्हणाली, आणि परत जाऊन बसली. गाठ खरोखरच सबंध होती. मी ती बाहेर फेकली.

दसरा आला. शहराने दिवे लावले, गर्दीने रस्ते बंद झाले, आणि दरवर्षीप्रमाणे ज्यांना काही पाहायचे नव्हते त्यांचीही वाट अडली. आमच्या घरात नवरात्रात बाहुल्या मांडतात. पत्नीने पायऱ्या मांडायला सायलीला बोलावले. त्या दोघी लाकडी बाहुल्या पुसत माझ्याविषयी बोलत. मी ऐकू नये म्हणून त्या आवाज उतरवत नव्हत्या.

"लग्नात पण असेच होते का, काकू?"

"मत्ते काय? लग्नात नारळ परत पाठवले यांनी. लहान आहेत म्हणून." मत्ते म्हणजे मग.

"आणि तुम्हाला नाही पाठवलं?"

"मी मापात बसले असेन," पत्नी म्हणाली.

आश्विनातला पाऊस भाद्रपदातल्यासारखा नसतो. दुपारी ढग उठतात, संध्याकाळी गडगडाट होतो आणि पाणी एकदम ओतले जाते. अशाच एका संध्याकाळी पाऊस आला. नुकत्याच धरू लागलेल्या काड्यांवरची माती वाहून जाणार हे उघड होते. मी गोणपाटे काढून बाहेर आलो, तर ती आधीच तिथे होती. कामावरून आलेली, खांद्यावर बॅग तशीच, आणि अंगावरची ओढणी त्या जागेवर पसरून कोपऱ्यांना दगड ठेवत होती. मी गोणपाट टाकले. तिने दुसरी बाजू ओढली. गवत माझे होते आणि घर तिला हवे होते. पाऊस थांबल्यावर ती वर गेली. ओढणी मातीने तांबडी झाली होती. पत्नीने ती धुतली. रंग गेला नाही.

हरळी कशी पसरते हे पाहत बसण्याइतका वेळ माझ्यापाशी आहे. ती उभी वाढत नाही. जमिनीला धरून आडवी जाते, प्रत्येक पेऱ्याशी थांबते, तिथे मूळ सोडते, आणि मूळ धरल्याशिवाय पुढचे पाऊल टाकत नाही. सकाळी ऊन तिरपे असताना तिच्या नव्या दोऱ्या तांबूस दिसतात. काल जिथे माती होती तिथे आज दोन दोऱ्या एकमेकींवरून गेलेल्या असतात. त्या आश्विनात मी खुर्ची ओसरीच्या पुढच्या कडेला आणली होती. देखरेखीसाठी.

दिवाळीच्या आधी मी त्या जागेची तपासणी केली. ज्या नजरेने कारखान्यात माल पाहत असे त्याच नजरेने. गुडघ्यांवर बसून हाताने दाबून पाहिले. मधे कुठे माती दिसत नव्हती. जुन्या आणि नव्या गवताचा सांधा शोधावा लागत होता. रंग किंचित फिका होता. पुढच्या कापणीत तो एक झाला असता. मला त्यात दोष सापडला नाही. दोष शोधण्यात मी कसूर केली नव्हती.

ती दोघे राहायला आल्यापासून मी वर गेलो नव्हतो. त्या दिवशी गेलो. निखिल हैदराबादहून परतला होता. त्याने खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही.

"डाग भरला," मी म्हणालो. "तुम्ही राहू शकता."

निखिलने तिच्याकडे पाहिले, मग फरशीकडे.

"आम्ही घर बघितलंय, काका," सायली म्हणाली. "विजयनगरला. पाडव्यानंतर जाऊ."

मला वाटले, तिला नीट कळले नसावे. "डाग भरला आहे," मी पुन्हा म्हणालो. तिला मी दुसऱ्यांदा सांगितलेली ही एकच गोष्ट.

"माहितेय. मीच भरलाय."

"मग?"

"गवत आलं तर राहायचं, नाही आलं तर निघायचं. असल्या घरात मला नाही राहायचं, काका. उद्या दुसरं काहीतरी जळेल." ती रागावलेली नव्हती. कंपनीत एखादे काम नीट समजावून द्यावे तसे बोलत होती. "डाग आम्ही केला होता म्हणून भरून दिला. त्याचा आणि घराचा संबंध तुम्ही जोडलात."

तपासणीत असे प्रसंग येत. माल मापात बसला आहे असे कळवावे, आणि पुरवणाऱ्याने कळवावे की त्याला आता आमच्याकडे द्यायचा नाही. त्यावर कारखान्यात एक ठरावीक उत्तर होते. ते मला त्या वेळी आठवले नाही.

"तिथे खिडकीतून काय दिसते?" मी विचारले.

"समोरची बिल्डिंग," ती म्हणाली.

मी खाली आलो. 'थांबा' म्हणालो नाही. दिलेला शब्द फिरवणे मला कधी जमले नाही, आणि घेतलेला निर्णय फिरवायला कोणाला सांगणे तर त्याहून नाही. पत्नी मला नाना परींनी बोलली. त्यात ऐकण्यासारखे पुष्कळ होते. आणि त्यानंतर बोलली ती फक्त कानडीत. जेवण झाले का, पेपर आला का, सगळे कानडीत, परक्या सभ्य माणसाशी बोलावे तसे. आमच्या संसारात हे पूर्वी कधी झाले नव्हते.

आता वर एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांच्या खिडकीचा पडदा ओढलेला असतो. ते खाली पाहत नाहीत, काही ओततही नाहीत. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. हिरवळ उत्तम आहे. मधली जागा तर इतर भागाहून दाट आहे, कारण तिथली जमीन खोलवर मोकळी केली गेली आणि तिथले तण एकदा मुळासकट निघाले. चालणारे लोक फाटकातून नेमके तिथेच बोट दाखवतात आणि विचारतात, तिथे वेगळे काय घातले. मी म्हणतो, माती, वाळू, शेणखत. ते हसतात.

त्या वर्षी पाडव्यानंतरच्या रविवारी टेंपो आला. आमच्या फाटकापासून जिन्यापर्यंतची वाट अरुंद आहे. ड्रायव्हर मागे घेत आत येऊ लागला आणि एक चाक हिरवळीच्या कडेवर चढू लागले. मी ओसरीच्या खाली पाइप घेऊन उभा होतो. मी तोंड उघडण्याच्या आत सायली जिन्यावरून धावत खाली आली आणि चाकामागे जाऊन उभी राहिली.

"हुल्लिन मेले बेड," ती म्हणाली. गवतावर नको.

"ओंदे चक्र, मॅडम," ड्रायव्हर म्हणाला. एकच चाक तर आहे.

"एक पण नाही. रस्त्यावर घ्या. बाहेर, बाहेर."

"फ्रीज आहे ना वर?" निखिल जिन्यातून म्हणाला. "रस्त्यापर्यंत हातानं न्यायचा?"

"हातानं न्यायचा."

टेंपो रस्त्यावर गेला. फ्रीज, गाद्या, कपाट, धान्याचे डबे, सगळे भिंतीच्या कडेने, एका माणसाला जेमतेम पुरेल अशा वाटेने, हातांवरून बाहेर गेले. हमाल कुरकुरत होते. ती त्यांच्या पुढे चालत होती आणि प्रत्येकाच्या पावलांकडे पाहत होती. दुपार होत आली. शेवटी तिने पत्नीला वाकून नमस्कार केला. मलाही केला, लांबून. पत्नीने तिच्या हातात डबा दिला. मी मान हलवली. टेंपो वळला, कोपऱ्यावर थांबला, गेला.

रस्ता मोकळा झाला. मी पाणी घालत होतो.

"पाणी बंद करा हो," मागून पत्नी म्हणाली. कित्येक दिवसांनी मराठीत. "कधीचं एकाच जागी धरलंय. बघा तरी खाली."

मी खाली पाहिले. पाण्याचे तळे झाले होते आणि त्यात गवत पूर्ण बुडाले होते. इतके पाणी एका जागी घालू नये. मुळांचा श्वास कोंडतो. मी जाऊन नळ बंद केला.